सकाळी गाडी चालू होत नाही म्हणजे इंजिन बसलं, हे खरं नाही

थंडी पडली की खान्देशातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यापासून साक्री-शिरपूरपर्यंत जुनी पिकअप, मॅक्स, बोलेरो, सुमो वापरणाऱ्या बहुतेकांनी तो वाचलेला आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जुनी डिझेल गाडी सकाळी चालू व्हायला त्रास देत असेल तर इंजिन बसलंय (म्हणजे आतून झिजून दाब गेलाय), बोअर-पिस्टनचं काम करून घ्या. सेल्फ हळू फिरत असेल तर बॅटरी बदला. थंडीत डिझेल गोठतं, टाकीत लिटरभर रॉकेल टाका. तरीही नाही झाली तर एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरा. आणि सेकंडहँड घेताना पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी डोळे झाकून घ्या.

डिझेल गाड्यांचं काम करणारा माणूस म्हणून मला या मेसेजचा राग येतो. यातल्या एकेका वाक्यापायी लोकांनी उसनवारी करून इंजिनं खोलून घेतली आहेत. म्हणून मुद्दे घेऊनच उत्तर देतो.

"सकाळी त्रास देते म्हणजे इंजिन बसलं"

बसलेलं इंजिन सकाळी त्रास देतं, हे बरोबर. पण सकाळी त्रास देणारं प्रत्येक इंजिन बसलेलं नसतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, साधारण सोळा ते बावीस पट, आणि त्या दाबाने हवाच इतकी तापते की आत उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: सेल्फ पुरेशा वेगाने फिरला पाहिजे, डिझेल ते आत फवारणाऱ्या नोजलपर्यंत पोचलं पाहिजे, आणि पोचलेलं डिझेल पेटण्याइतकी उष्णता तयार झाली पाहिजे. यातलं नेमकं काय कमी पडतंय, ते शोधल्याशिवाय पान्याला हात लावायचाच नाही.

शोधायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे सायलेन्सर. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मागे उभं राहून धूर बघावा. पांढरा धूर येतोय पण गाडी पकडत नाही, तर डिझेल पोचतंय, पेटत नाही. धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाही. या दोन गाड्यांचं दुखणं पूर्ण वेगळं आहे, आणि मेसेज दोघींनाही बोअरचं काम सांगतो.

धूर नसलेल्या गाडीत माझा पहिला संशय हवेवर असतो. टाकी खाली, पंप वर. मधल्या नळीत, फिल्टरच्या सीलमध्ये किंवा नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या वायसरमध्ये केसाएवढी फट पडली, की रात्रभरात तिथून हवा आत शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी पंप आधी हवा ओढत बसतो. चालू इंजिनात ही फट बाहेर डिझेल टपकवेलच असं नाही, कारण त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. म्हणून "कुठेच गळत नाही" एवढ्यावर लाइन चांगली आहे असं समजू नका.

अमळनेरकडचा एक भाजीपाला वाहणारा पिकअपवाला आला होता. "भाऊ, इंजिन खोलाले सांगेल शे," एवढंच बोलला आणि गप्प झाला. पहाटे मार्केटला पोचायचं असतं आणि गाडी पाच-सात सेल्फ खाते, हे त्याचं रोजचं दुखणं. मी गाडी रात्री ठेवून घेतली. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा, लाइनमध्ये डिझेल चढवायचा हातपंप दाबला. पहिले काही दाब अगदी पोकळ गेले, मग पंप हाताला कडक लागला. त्यानंतर चावी फिरवली आणि गाडीने लगेच पकडलं. निदान तिथेच झालं. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा घातला, तर चालू इंजिनात बारीक बुडबुड्यांची माळ स्पष्ट दिसत होती. फिल्टरच्या डोक्यावर एका बोल्टभोवती ओलसर पट्टा होता आणि त्यावर धूळ चिकटून काळी साय धरली होती. आतला तांब्याचा वायसर पुन्हा पुन्हा आवळून चपटा झाला होता. तो बदलला, टाकीकडून येणाऱ्या नळीचं तडकलेलं टोक कापून नवी क्लिप लावली, लाइनची एअर काढली. इंजिनाला हातही लावला नाही.

हातपंप दाबल्यावर गाडी लगेच चालू होत असेल, तर इंजिन खोलायला सांगणाऱ्याला आधी हवेचं उत्तर मागा.

पांढरा धूर येत असेल तर हीटर प्लग, म्हणजे सेल्फ मारण्याआधी सिलिंडरची आतली जागा तापवणारे प्लग, बघायचे. सगळ्या इंजिनांना ते नसतात. काहींत हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये एकच हीटर असतो, काहींत तोही नाही. असतील तर मल्टिमीटरने प्रत्येकाचा रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. जळालेला काहीच दाखवत नाही. डॅशबोर्डवरचा दिवा लागतो म्हणजे प्लग तापतात, असं मानू नका. त्यांच्या पट्टीवर प्रत्यक्ष करंट पोचतो का ते बघा, रिले आणि फ्यूजही बघा.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या भागांमधली ठरलेली फट. ते टाइट झाले की व्हॉल्व पूर्ण बसत नाही, दाब निसटतो, आणि इंजिन थंडीत नेमकं बसल्यासारखंच वागतं. गेज घालून टॅपेट लावणं हे तासाभराचं काम. हे सगळं झाल्यावरही पांढरा धूर तसाच असेल, तर कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. ऑइल खाते आहे, ऑइलचं झाकण उघडलं की धापा टाकल्यासारखी हवा येते, आणि गेजही कमी दाखवतोय, तेव्हा बोअरचं काम खुशाल करा. पण गेज न लावता कोणी बोअरचा खर्च सांगत असेल, तर त्याने इंजिन तपासलेलंच नाही.

"सेल्फ हळू फिरतो, बॅटरी बदला"

बॅटरी कधीकधी दोषी असतेच. पण ते दोन मिनिटांत कळतं. रात्रभर उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली जाऊ नये. गेली, तर आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. तरी गेली तर बॅटरी किंवा सेल्फ.

बॅटरी दहाच्या वर टिकतेय आणि सेल्फ तरीही रडत फिरतोय, तर अर्थिंग बघा. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर करंट त्या केबलमध्येच अडतोय. जुन्या गाडीत चेसिसला जिथे अर्थची पट्टी आवळलेली असते तिथे गंज, माती आणि वरून मारलेला रंग असतो. पट्टी सोडा, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा. पॉझिटिव्ह केबलचीही हीच परीक्षा घ्या. शिवाय ऑइल कुठलं घातलंय तेही विचारा. घट्ट ऑइल थंडीत सेल्फवर चांगलाच भार टाकतं.

"थंडीत डिझेल गोठतं, रॉकेल टाका"

भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेलचा फिल्टर तुंबण्याचा बिंदू, म्हणजे ज्या तापमानाला डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो तो, जास्तीत जास्त 6 अंश असतो, उन्हाळी डिझेलचा 18. धुळे-जळगावला पारा कधी कधी 7-8 च्या खाली उतरतो, म्हणून ही शंका अगदीच निराधार नाही, विशेषतः टाकीत उन्हाळ्याचं डिझेल पडून असेल तर. पण मेणाने फिल्टर तुंबलेली गाडी बऱ्याचदा चालू होते आणि थोडं चालून ओढ सोडते. शिवाय शेजारी उभी असलेली, त्याच पंपावर डिझेल भरलेली गाडी चालू होतेय, तर दोष डिझेलचा नाही. फिल्टरच्या बुडाशी साचलेलं पाणी मात्र काढत जा.

रॉकेलने नुकसान होतं ते पंपाचं. डिझेल पंप आणि नोजलला वंगण डिझेलच पुरवतं, आणि रॉकेलमध्ये तो चिकटपणा नसतो. कॉमन रेल, म्हणजे खूप जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या नव्या गाडीत तर हा प्रयोग हाय प्रेशर पंपाच्या जिवावर बेततो. डिझेलमधली भेसळ कायद्यानेही गुन्हा आहे.

मेसेज फक्त थंडीचं बोलतो. आमच्याकडे मे महिना वेगळंच दुखणं आणतो. भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा काही गाड्या सकाळी झटकन चालू होतात आणि तापल्यावर बंद केल्या की पुन्हा पकडत नाहीत. जुन्या रोटरी पंपात हे घडलं, तर पंप झिजलाय: तापलेलं डिझेल पातळ होतं, झिजलेल्या भागांतून निसटतं आणि सेल्फच्या वेगाला पुरेसा दाब बनत नाही. ओलं फडकं पंपावर थोडा वेळ ठेवा. गाडी चालू झाली तर दोष सापडला. गार पाणी थेट ओतू नका, तापलेला पंप जाम होऊ शकतो. आणि अशा गाडीचं बोअरचं काम करून काहीही साधणार नाही.

"पेट्रोलचा बोळा धरा"

हे करू नका. पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे पिस्टन वर येण्याआधीच पेटू शकतो. मग फटका उलटा बसतो, रिंगा आणि पिस्टनचे काठ तुटतात. हीटर तापलेले असतील तर मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो, आणि बोळा धरणाऱ्याचा चेहरा त्या तोंडापाशीच असतो. चांगल्या इंजिनाला खरोखर बसवायचा हा मार्ग आहे.

"पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी घ्या"

गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर विकणारा तासभर आधी गाडी चालवून आणू शकतो. कोमट इंजिनात हवा, हीटर, टॅपेट, दाब, सगळे दोष झाकले जातात. म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी माझ्यासमोरच चालू करायची, आणि उजाडता जा. बॉनेट उघडून आधी इंजिनावर हात ठेवा. ते गार असेल तरच पुढे. हातपंपाला कोणाला हात लावू देऊ नका. सेल्फचा आवाज ऐका, मागे जाऊन धूर बघा, पांढरा धूर किती वेळात निवळतो ते बघा. मग गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा सेल्फ मारा. सकाळी पोचल्यावर इंजिन गरम लागलं, तर कारण काहीही सांगितलं तरी त्या दिवशी विसार देऊ नका. उद्या पुन्हा येतो म्हणून सांगा.