झोपण्यासाठी उठणारी खार

थंडी पडली रे पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. बर्फात मुटकुळं करून पडलेल्या अस्वलाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘अस्वल सहा महिने गाढ झोपते. त्याचे शरीर बर्फासारखे गार पडते. ते एकदाही उठत नाही. ही देणगी फक्त थंड प्रदेशातील प्राण्यांना आहे. आपणही कमी खाऊन जास्त झोपलो तर शक्ती साठते, आयुष्य वाढते.’ पाच वाक्यं आहेत आणि एकही धड नाही.

सुरुवात ‘गाढ झोपे’पासून. यात थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. शीतनिद्रा म्हटलं की डोळ्यांपुढे दुलई येते. त्यापेक्षा ‘शीतसुप्ती’ बरा. झोपेत आपलं तापमान जेमतेम एखादा अंश उतरतं, ऊर्जेचा खर्चही थोडाच कमी होतो. शीतसुप्तीत प्राणी शरीराची भट्टीच मंद करतो. काही प्राणी हे काम महिनोन्महिने करतात, काही फक्त रात्रीपुरतं. पेरूच्या अँडीजमधला ब्लॅक मेटलटेल हा हमिंगबर्ड रात्री ३.३ अंशांपर्यंत गार पडल्याची नोंद आहे, आणि सकाळी तो पुन्हा फुलांवर हजर.

आता बर्फासारखं गार अस्वल. अलास्कातल्या काळ्या अस्वलांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यानच राहिलं होतं. म्हणजे हात लावला तर कोमटच लागेल (लावू नये). खरी गंमत अशी की एवढ्या कोमट अंगातही ऊर्जेचा खर्च पाव पटीवर आला होता आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ च्या आसपास. शिवाय मादी याच काळात गुहेत पिल्लांना जन्म देते आणि दूधही पाजते. ध्रुवीय अस्वलांत तर फक्त गाभण माद्या हिवाळाभर गुहेत राहतात. आणि आपल्या मेळघाटातलं अस्वल? ते शीतसुप्तीत जातच नाही. हिवाळ्यातही रात्री वारुळं उकरत हिंडतं.

‘एकदाही उठत नाही’ या वाक्यावर मात्र थांबायलाच हवं, कारण सगळा हिशेब इथेच आहे. खरोखर गार पडणारा प्राणी बघायचा तर अलास्कातली आर्क्टिक ग्राउंड स्क्विरल ही बिळात राहणारी खार बघा. तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरल्याचं ब्रायन बार्न्स यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं. शून्याच्या खाली, तरी रक्त गोठत नाही. पण ही खार दर दोन-तीन आठवड्यांनी जागी होते. आधी तपकिरी चरबी, म्हणजे उष्णता देणारी खास चरबी, जाळते, मग कुडकुडून अंग तापवते आणि काही तासांत पस्तीस अंशांच्या वर पोचते. जेमतेम दिवसभर गरम राहते, पुन्हा गार पडते. हिवाळ्यात जळणाऱ्या चरबीचा मोठा वाटा या मोजक्या जागरणांतच संपतो. आणि एवढा खर्च करून उठल्यावर ती करते काय? बहुतेक वेळ झोपते! मेंदूच्या नोंदींवरून दिसतं की इतक्या गार मेंदूला नेहमीची झोप मिळतच नाही. ती उधारी साठत जाते. या प्राण्यांना नेमकं उठावं का लागतं, यावर अजून वाद चालू आहेत. झोपेची उधारी हा त्यांतला एक अंदाज.

उठणं किती महाग पडतं, हे अमेरिकेतल्या वटवाघळांनी दाखवलं. २००६ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या गुहांतून एक बुरशी पसरली. नाकावर पांढरी बुरशी धरलेली वटवाघळं हिवाळ्यात वारंवार जागी होऊ लागली, साठवलेली चरबी वसंताआधीच संपली आणि लाखोंनी मेली.

‘फक्त थंड प्रदेशात’ हेही खोटं. मादागास्करच्या पश्चिम भागातला जाड शेपटीचा बुटका लेमूर झाडाच्या ढोलीत सात महिने शीतसुप्तीत राहतो, जिथे हिवाळ्यातही दुपारी पारा तिशीपार जातो. पातळ सालीच्या ढोलीत त्याचं तापमान एका दिवसात वीसेक अंशांनी खालीवर होतं. दुपारचं ऊन त्याला फुकटात तापवतं, त्यामुळे चरबी जाळून उठण्याचा खर्चही वाचतो. अडचण थंडीची नसते, कोरड्या दिवसांत खायला-प्यायला नसण्याची असते.

शेवटचं वाक्य आपल्याबद्दलचं. आयुष्याचा मुद्दा अगदीच हवेतला नाही: शीतसुप्तीत जाणारे लहान सस्तन प्राणी त्यांच्या आकाराच्या इतरांपेक्षा जास्त जगतात. बिळात पडून असताना शिकाऱ्याच्या तावडीत सापडत नाहीत, हेही त्याचं एक कारण. पण त्यासाठी भट्टी मंद करता यायला हवी, आणि उपाशी झोपलेल्या माणसाची भट्टी जवळजवळ तशीच चालू राहते. अस्वल महिनोन्‌महिने लघवी करत नाही. युरियातला नायट्रोजन परत वापरून प्रथिनं बनवतं, म्हणून वसंतात त्याचे स्नायू बऱ्यापैकी शाबूत असतात. माणूस तितके दिवस उपाशी अंथरुणावर पडला, तर चरबीबरोबर मांड्याही झिजतात.