बाल्कनीतल्या पवनचक्कीने वीजबिल शून्य होत नाही

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'फक्त 20 हजारांत 100 वॅटची दोन सोलर पॅनेल बाल्कनीत लावा, जुनी डीसी मोटर आणि पीव्हीसी पाइपची पाती घेऊन पवनचक्की करा, ट्रकची जुनी बॅटरी जोडा आणि इन्व्हर्टरची पिन भिंतीतल्या सॉकेटात खोचा. वीजबिल शून्य, परवानगीची गरज नाही!' ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या नेरूळपर्यंत तो सगळीकडे पोचलाय. स्वतःच्या हाताने काही करून बघणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा मेसेज असाच पुढे गेलेला मला बघवत नाही.

आधी बिलाचं बघू. मोकळ्या गच्चीवरचं 1 किलोवॅटचं सोलर आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट देतं. म्हणजे 200 वॅटचे महिन्याला 24 युनिट, तेही पॅनेल दक्षिणेकडे कललेलं असेल आणि टाकीची सावली पडत नसेल तर. बाल्कनीत वर स्लॅब आणि समोर दुसरी इमारत, त्यामुळे यातले निम्मे मिळाले तरी पुष्कळ. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंखे चालणाऱ्या घराला महिन्याला 150-200 युनिट सहज लागतात. शिवाय महावितरणच्या बिलात स्थिर आकार असतोच, तो एकही युनिट न वापरता भरावा लागतो.

आता पवनचक्की. ही बहुतेकांना फसवते, कारण ती फिरताना दिसते. ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या गच्चीवर दुपारचा वारा सुटला की पाती गरगरतात, मल्टिमीटर 14 व्होल्ट दाखवतो आणि व्हिडिओ तिथेच संपतो. बॅटरी जोडा, करंट वाहू लागताच पाती मंदावतात. व्होल्ट दिसले म्हणजे वीज मिळाली असं नाही. लोड लावल्यावर किती वॅट निघतात ते मोजायला हवं.

हिशोब करा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरतो. सेकंदाला 4 मीटर वेगाच्या वाऱ्यात 1 मीटर व्यासाच्या पात्यांसमोरून जेमतेम 29 वॅट वाहतात. त्यातले 59 टक्क्यांहून जास्त कुठलीही पवनचक्की काढू शकत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलंय. पाइपच्या पात्यांनी पाव हिस्सा काढला तर 7 वॅट. वारा चोवीस तास असाच राहिला तरी महिन्याला 5 युनिट! साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत त्या उंची आणि मोकळ्या वाऱ्यामुळे. आपल्याकडे इमारतींना आपटून वारा फाटतो, भोवरे होतात. पावसाळी वादळात मात्र हीच पाती बेफाम फिरतात, आणि सातव्या मजल्यावरून तुटलेलं पातं खाली कुणाच्या अंगावर पडेल याचा मेसेजमध्ये विचारच नाही.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्या पिनेला आहे. लाइन चालू असताना साध्या इन्व्हर्टरचं आउटपुट सॉकेटात दिलं तर दोन्ही वीजप्रवाह एकमेकांशी जुळत नाहीत, इन्व्हर्टर जळतो. लाइन गेलेली असताना दिलं तर तुमची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाऊ शकते, आणि बंद समजून वायरमनने हात लावलेली तार जिवंत असू शकते. ती पिन सॉकेटातून चुकून निसटली तर तिच्या उघड्या पितळी दांड्यांवर 230 व्होल्ट असतात, आणि घरात लहान मुलं असतात. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडायचा इन्व्हर्टर वेगळा असतो, लाइन जाताच तो स्वतःहून बंद होतो.

ट्रकची बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी असते. रोज खोलवर उतरवली की काही महिन्यांत बसते. परवानगीचं अर्धं खरं आहे: ग्रिडला न जोडलेल्या छोट्या सेटला महावितरणची परवानगी लागत नाही, पण गच्ची आणि बाहेरची भिंत सोसायटीची असते.

मग घरी करूच नये का? जरूर करावं. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरावर किंवा सोसायटीने दिलेल्या गच्चीच्या कोपऱ्यात 200 वॅटची पॅनेल, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर आणि रोज उतरवली तरी टिकणारी 150 एएचची (अँपिअर-अवरची) ट्यूब्युलर बॅटरी. बॅटरीच्या टर्मिनलजवळच फ्यूज, पॅनेलच्या बाजूला डीसीचाच एमसीबी, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही. यावर 30 वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार एलईडी आणि राउटर रोज संध्याकाळी चार-पाच तास आरामात चालतात, भर पावसाळ्याचे दिवस सोडून. लाइन गेली की याची खरी किंमत कळते. या पंख्या-दिव्यांची वायरिंग मात्र घरच्या लाइनपासून वेगळी ओढा.

बिलच कमी करायचं असेल तर नेट मीटरिंग, म्हणजे गच्चीवरच्या सोलरची जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेणं. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि सोसायटीच्या लिफ्ट-पंपासारख्या सामाईक वापराला किलोवॅटमागे 18,000. त्यासाठी नोंदणीकृत व्हेंडरकडूनच काम करून घ्यावं लागतं, घरी जोडलेल्या सेटला ते मिळत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत पंपाचं बिल हातात घेऊन हा विषय मांडा.