गेम येण्याआधीच विकला जातो

एखाद्या मोठ्या गेमची हवा झाली की खापर गेमर्सवर फुटतं. 'पोरं उगाच वेडी होतात.' मला हे पटत नाही. ही हवा पद्धतशीर केली जाते आणि त्यामागे सरळ हिशोब आहे. शेकडो माणसांचे कित्येक वर्षांचे पगार गेम बाजारात येण्याआधीच देऊन झालेले असतात. पूर्ण किंमत मोजणारं गिऱ्हाईक मात्र मुख्यतः सुरुवातीच्या आठवड्यांतच मिळतं, पुढे सेल लागतात. जीटीए ५ ने सप्टेंबर २०१३ मध्ये तीन दिवसांत एक अब्ज डॉलरची विक्री केली. असा आकडा गाठायचा तर रिव्ह्यू येण्याआधीच लोकांचं 'घ्यायचाच' असं ठरलेलं असावं लागतं.

मग ते ठरवायचं कशाच्या जोरावर? बहुतेक वेळा डेमोच्या. डेमो म्हणजे अख्ख्या गेममधलं एकच मिशन घासूनपुसून तयार केलेलं असतं, स्टुडिओवाले त्याला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात. तगडा पीसी, एकच गल्ली, पात्रं कुठून येणार हेही आधी ठरलेलं. त्यात दिसतं ते खोटंच असतं असं नाही, पण अख्खं शहर साध्या कन्सोलवर चालवताना काय होईल, हे त्यातून कळत नाही. सायबरपंक २०७७ हा गेम तिथेच आपटला. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी, तीही ग्राफिक्ससोबत वाटून घेतलेली, आणि जोडीला संथ हार्ड डिस्क. गाडी वेगात निघाली की पुढचा रस्ता, इमारती, माणसं डिस्कवरून वेळेत यायला हवीत. ती येईनात. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) धूसर, फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कोसळलेला, गेम मध्येच बंद. रिलीजआधी रिव्ह्यूसाठी फक्त पीसीची कॉपी दिली होती, त्यामुळे कन्सोलवाल्यांना आधी काही कळायला मार्गच नव्हता. प्री-ऑर्डर, म्हणजे रिलीजआधीची आगाऊ खरेदी, ८० लाखांवर. १० डिसेंबर २०२० ला गेम आला आणि प्लेस्टेशनवाल्या सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला. परत आला तो थेट जून २०२१ मध्ये.

दुसरं हत्यार म्हणजे गप्प बसणं. मला ते ट्रेलरपेक्षा भारी वाटतं, कारण त्याला दमडीही लागत नाही! जीटीए ६ चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि २४ तासांत यूट्यूबवर ९ कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. दुसरा आला थेट मे २०२५ मध्ये. मधल्या काळात लोक चंद्राच्या कलांवरून तारखा काढत बसले होते. जाहिरात फुकटात चालू होती. अर्थात, आधीच्या गेमची पुण्याई असेल तरच गप्प बसणं परवडतं. सिल्कसाँग हा गाजलेल्या 'हॉलो नाइट'चा पुढचा भाग, तीनचार जणांनी केलेला, स्वस्त गेम, प्री-ऑर्डरही नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये तो आला तेव्हा स्टीमसकट (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) स्टोअर्स कोलमडली. उलट काँकॉर्डला अशी पुण्याई नव्हती, मागे सोनी असूनही ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला तो गेम दोन आठवड्यांत बंद करून पैसे परत करावे लागले.

ट्रेलर बघताना खालच्या बारीक अक्षरांकडे लक्ष द्या. 'इन-इंजिन' लिहिलंय म्हणजे दृश्य गेमच्या इंजिनमध्ये (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बनलंय, खेळताना तसंच दिसेल याची हमी नाही. हेल्थ बार (उरलेली ताकद दाखवणारी पट्टी), मिनीमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा) दिसत नसेल आणि कॅमेरा सिनेमासारखा फिरत असेल तर तो गेमप्ले नव्हे. रिव्ह्यू नेमक्या कुठल्या मशीनवर केलाय तेही बघा. एम्बार्गो, म्हणजे रिव्ह्यू छापायला कंपनीने घातलेली बंदी, रिलीजच्या तासापर्यंत ताणलेली असेल तर मी थांबतो. डिजिटल कॉपी संपत नाही, त्यामुळे प्री-ऑर्डरने हाती लागतं ते फार तर प्रीलोड (रिलीजआधीच डाउनलोड करून ठेवणं) आणि पात्रासाठी एखादा फुटकळ पोशाख.

घ्यायचाच असेल तर स्टीमवर रिफंड आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर. पण कॅरेक्टर बनवणं, सुरुवातीचे कटसीन, गेम चालू करून शेडर कंपाइल होण्याची (ग्राफिक्सचा कोड तुमच्या मशीनसाठी तयार होण्याची) वाट बघणं, सगळं त्या दोन तासांत धरलं जातं. महागडी एडिशन घेऊन ॲडव्हान्स्ड ॲक्सेसमध्ये, म्हणजे रिलीजच्या आधीच, खेळलेला वेळही एप्रिल २०२४ पासून त्यातच मोजतात.