‘एक ठेवीदार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

बँकेचा मालक कोण, सरकार की खासगी, यावर तिची जोखीम कशी बदलते, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. उत्तर मुद्दाम सकाळवर ठेवलं, रात्री लिहिलं असतं तर तोल गेला असता.

आधी चूक मान्य करतो. ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला जास्तीत जास्त किती भरपाई मिळते त्याची, मर्यादा 1 लाखावरून 5 लाखांवर गेली ती 4 फेब्रुवारी 2020 पासून. मी 2019 लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘पेन्शन खात बसलेल्या सरकारी बाबूंच्या डोळ्यांत खासगी बँका सलणारच.’ अहो भाऊ, खासगी बँका वाईट असं मी लेखात कुठे म्हटलं ते दाखवा. मालक बदलला की तोच नियम वेगळा परिणाम करतो, एवढंच माझं म्हणणं होतं. तुम्ही लेख वाचलाच नाही, माझी पेन्शन तेवढी वाचली.

सरकारी बँकेत 31 वर्षं नोकरी केली. नागपूरच्या इतवारीतल्या शाखेत असताना कळमन्याच्या एका व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याची, म्हणजे गोदामातल्या मालाच्या तारणावर दिलेल्या कर्जाची, स्टॉक तपासणी माझ्याकडे होती. गोदामात तूरडाळीची पोती छतापर्यंत रचलेली. पुढच्या थप्पीतलं पोतं उघडलं तर डाळ. मागे कसाबसा शिरून दुसरं उघडलं तर कोंडा. तिसरं, चौथं, सगळा कोंडा. अहवालात तसंच लिहिलं. दोन दिवसांनी वरून फोन आला, ‘माणूस आपला आहे, लिमिट वाढवायचं आहे, शेरा जरा सौम्य करा.’ मी केला नाही. चार महिन्यांत बदली झाली, मुलीच्या दहावीच्या वर्षात. सरकारी मालकीतली जोखीम मी अशी हातात धरून पाहिली आहे. आणि तुम्ही मला सरकारी बँकांचा भाट ठरवता? हे लिहिण्याआधी एकदा विचारायचं तरी होतं.

तुमचा पुढचा प्रश्न, ‘रिझर्व्ह बँकेचे नियम सगळ्यांना सारखे, मग मालक कोण याने काय फरक पडतो?’ पडतो. भांडवलाची किमान अट 9 टक्के आहे. म्हणजे जोखमीप्रमाणे भार लावून मोजलेल्या 100 रुपयांच्या कर्जामागे बँकेचे स्वतःचे 9, बाकी बहुतेक पैसा तुमच्या-माझ्या ठेवींचा. जिथे एखादा बडा भागधारक बँक चालवतो, तिथे डाव लागला तर नफा त्याचा, बुडाला तर त्या 9 रुपयांपलीकडचं दुसऱ्याच्या अंगावर. ठेव विम्याचा हप्तासुद्धा कित्येक दशकं सगळ्या बँकांना एकाच दराने होता, बँक सावध असो की बेधडक. सरकारी बँकेत मालकाला नफ्याची एवढी ओढ नसते, पण तिथे फोन येतात. भांडवल आटलं की सरकारी तिजोरीतून येईल हेही सगळ्यांना ठाऊक असतं. लुक लाव्हेन आणि रॉस लेव्हिन या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांतल्या बँका तपासून 2009 मध्ये हेच दाखवलं, की एकाच नियमाचा जोखमीवरचा परिणाम मालकी कशी आहे त्याप्रमाणे बदलतो. 5 मार्च 2020 ला येस बँक या खासगी बँकेतून 50 हजारांच्या वर पैसे काढायला बंदी आली. तोवर त्या बँकेलाही हेच नियम होते ना?

2018 मध्ये सरकारी बँकांचा एनपीए (थकलेल्या कर्जांचं प्रमाण) साडेचौदा टक्क्यांच्या घरात होता आणि खासगींचा त्याहून खूप कमी, हे तुम्ही लिहिलंत. आकडे मला माहीत आहेत. त्यामागची कारणं बरीच आहेत, इथे त्यात शिरत नाही.

वाद घाला, हवा तेवढा घाला, प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण पेन्शनवर बोलू नका. तिच्यातूनच साठवलेली माझी एक मुदत ठेव आज खासगी बँकेत आहे.