लिटरला दोन किलोमीटर

रंगाच्या दुकानात खरं बोलू नये. "ग्रिलला मारायचाय" म्हणावं, डबा घ्यावा, सुटावं. परवा बेळगावात उद्यमबागेकडच्या एका दुकानात मी "1988ची मॅक्लारेन एमपी4/4 रंगवायचीय" असं सांगून बसलो. ही फॉर्म्युला वनची, शर्यतीची गाडी.

"केए 22 की एमएच 09?" मालकांनी विचारलं. आमच्याकडं गाडी म्हटली की आधी पासिंग, मग बाकीचं.

"पासिंग नाही ओ. मॉडेल आहे."

"88 मॉडेल म्हणालासा की. पत्रा गेला असणार. पुट्टी दोन किलो घालू?"

"प्लास्टिकची आहे. एकास वीस. एवढी." मी वीत दाखवली.

बाकावर शेड मिसळून व्हायची वाट बघत एक पेंटरमामा बसले होते. ते उठूनच आले. "म्हणजे खेळण्यातली?"

"खेळण्यातली नव्हे."

"चालते?"

"नाही."

"लाईट लागतात?"

"नाही."

"मग खरीचं ॲव्हरेज तरी किती होतं?"

आता हे मला माहीत होतं. त्या वर्षी टर्बो गाड्यांना शर्यतीपुरतं 150 लिटर पेट्रोल, आणि शर्यत साधारण 300 किलोमीटरची. "लिटरला दोन," मी म्हणालो. दुकानात दुखवट्याची शांतता पसरली.

"पण सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या तिनं. ड्रायव्हर दोन : आयर्टन सेनानं आठ, ॲलन प्रॉस्टनं सात."

"आणि सोळावी?"

पंधरांचं कौतुक नाही. सोळावी! "इटलीतल्या मोंझाची. ती फेरारीच्या ड्रायव्हरनं, बर्गरनं मारली."

"मग फेरारीच घ्यायची की ओ," मामा मालकांकडं बघून म्हणाले. मालकांनी मान हलवली.

तोवर शेडकार्ड पुढं आलं होतं. या गाडीचा लाल त्यात नसतो, कारण तो फ्लुरोसंट. फोटोत तर नारिंगीच दिसतो. त्याला स्वतःचा झाकायचा गुण नाही. खाली स्वच्छ पांढरा बेस लागतो, त्यावर विरळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं थांबून. ग्रे प्रायमरवर थेट मारला तर विटेसारखा मळका दिसतो. एवढं सांगितल्यावर मामा म्हणाले, "पोरगं रडत असेल तर आणा संध्याकाळी. फुकट मारून देतो."

फुकट! पैसे मागितले असते तर राग आला नसता. मामांच्या स्प्रेगनचा नोझल 1.4 मिलिमीटरचा. एवढ्याशा बॉडीवर त्यानं एक फटका मारला की पॅनलच्या, झाकणांच्या सगळ्या रेषा बुजल्या. इथं एअरब्रश, म्हणजे पेनाएवढी बारीक स्प्रेगन, 0.3चा, दाब एक बारच्या आसपास, अंतर दहा-बारा सेंटिमीटर, रंग दुधाइतका पातळ. त्याआधी सुटे भाग भांड्याच्या साबणानं धुवायचे, नाहीतर साच्याचं तेल राहतं आणि मास्किंग टेप काढताना रंग टेपबरोबर निघून येतो. मामांना हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची शेड तयार झाली.

एनसी थिनर लिटरच्या खाली मिळत नाही म्हणे. मॉडेलच्या उघड्या प्लास्टिकवर, म्हणजे पॉलिस्टायरीनवर, तो पडला की ते खातो, बारीक चिरा जातात; त्याचा उपयोग एअरब्रश धुण्यापुरता. घेतला. बिलात 'गाडी' या रकान्यात मालकांनी लिहिलं : मेकलारेन (खेळणं).

चांगल्या लॅकरचे स्प्रे मागवावेत, तर ज्वलनशील म्हणून विमानानं येत नाहीत. पार्सल कुठल्या गोदामात मुक्कामाला आहे ते देव जाणे. मॉडेलच्या डब्यात हल्ली गाडीवरचं सिगारेट कंपनीचं नाव येत नाही, आणि त्या नावाशिवाय ही गाडी उघडी वाटते. म्हणजे डेकलची, पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चित्रांची, शीट वेगळी, खर्च वेगळा. डेकल पाण्यात वीसेक सेकंद, खाली चिकटायला सेटर, वर मऊ करायला सॉफ्टर. सॉफ्टर लावल्यावर ते सुरकुततं, तेव्हा हात लावायचा नाही, सुकताना आपोआप ताणून बसतं. वरून क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक लॅकरचे, पहिले हात धुक्यासारखे कोरडे. एकदम ओला मारला तर क्लिअरमधलं सॉल्व्हंट डेकल विरघळवतं आणि शीटचे पैसे गेले.

आणि हे सगळं बेळगावच्या पावसात. सॉल्व्हंट झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकचकीत क्लिअर पांढुरकं पडतं. रिटार्डर दहा टक्के घातला तर ते टळतं, पण मग रंग उशिरा वाळतो आणि तेवढ्यात शेजारच्यांना नेमकी सतरंजी झटकायची असते. सांगायला गेलं की विचारतात, "चालते का ओ ती?"