खुलासा : पोलिश सैनिकांना कॅनडात फुकट जमीन मिळाली नव्हती

‘माँटे कॅसिनोला लढलेले पोलिश सैनिक कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतून कॅनडाला गेले आणि तिथल्या सरकारने त्यांना फुकट शेतजमीन दिली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. (माँटे कॅसिनो ही दुसऱ्या महायुद्धातली इटलीतली मोठी लढाई.) यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत मुख्यतः बायका, मुलं आणि वयस्कर माणसं होती. घरातले कर्ते पुरुष तेव्हा जनरल आंदर्स यांच्या सैन्यात होते; सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या पोलिश लोकांचं हे सैन्य माँटे कॅसिनोला लढलं.

कॅनडाला गेलेले साडेचार हजारांहून अधिक सैनिक १९४६ आणि १९४७ मध्ये थेट युरोपातून गेले. जमीन सोडाच, त्यांना दोन वर्षं दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करण्याचा करार करावा लागला. त्याआधी त्या शेतांवर जर्मन युद्धकैदी राबत होते, त्यांच्याच जागी हे विजयी सैन्यातले शिपाई आले! मला हे वाचताना फार लागतं. परत जावं, तर यातल्या अनेकांचं गाव अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या याल्टा करारानंतर सोव्हिएत संघात गेलं होतं, आणि सोव्हिएत छळछावण्या तर त्यांनी आधीच भोगल्या होत्या.

करार संपल्यावर काहींनी पैसे साठवून स्वतःचं शेत घेतलं. बाकीचे बरेचसे शहरांत, कारखान्यांत आणि खाणींत कामाला गेले. ज्यांनी शेत घेतलं, त्यांनी ते घामाच्या पैशांनी विकत घेतलं. तो मजकूर पुढे पाठवला असेल, तर कृपया ही दुरुस्तीही पाठवा.