क्लच कुठाय?

राग अजून ताजा आहे, तोवर लिहून टाकतो. चढ, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि माझी म्हातारी ऑटोमॅटिक गाडी जागच्या जागी नुसती ओरडतेय. आरपीएमचा काटा टुणकन ४००० वर, वेगाचा काटा मात्र हलायला तयार नाही. एवढे किलोमीटर झालेल्या गाडीत गिअर स्लिप होतोय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते सांगायला एक गृहस्थ लगेच आले.

काचेवर टकटक.

"क्लच गेलाय."

"काका, ऑटोमॅटिक आहे."

"असू दे ना. क्लच दाबून बघा एकदा."

"क्लच नाहीये हिला."

"नाही म्हणजे? काढून टाकला?"

त्यांनी खिडकीतून मान आत घालून माझ्या पायांकडे बघितलं. मनातल्या मनात पेडलं मोजली, पुन्हा मोजली. मग अतीव करुणेनं म्हणाले, "सेकंड हँड घेतली असणार. घेतानाच मोजून घ्यायची हो!"

मी बॉनेट उघडलं नव्हतं, त्यांनी उघडायला लावलं. ऑइल मोजायची एक डिपस्टिक ओढली, रुमालाला पुसली (रुमाल माझा), पुन्हा बुडवून नाकाशी धरली. "ऑइल फर्स्टक्लास आहे."

"ते इंजिनचं ऑइल आहे, काका."

"ऑइल ते ऑइल."

गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, बहुतेक गाड्यांत ते सपाट जागी, गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघतात, असं मी सांगायला गेलो. "चालू इंजिनात ऑइल? कुणी शिकवलं तुम्हाला?" म्हणत त्यांनी मागच्या हॉर्नवाल्यांकडे बघून हात जोडले. माझ्या वतीनं!

ऑइलवरून आठवलं. या विषयावर जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल ताबडतोब बदला. दुसरा म्हणतो, हात लावलात तर गाडी कायमची बसली. काही कंपन्या तर ते 'लाइफटाइम' असल्याचं सांगतात. लाइफ ऑइलची, गाडीची की मालकाची, ते छापत नाहीत. एकही पंथ एवढं साधं विचारत नाही की ऑइल आहे किती आणि दिसतंय कसं. हे काही इंजिन ऑइलसारखं थोडंथोडं जळून जात नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. कमी झालं की दाब घटतो, दाब घटला की गिअर पकड सोडतो. आधी हे बघायचं, मग बाकीचं. पण बघायला वाकावं लागतं, मत द्यायला लागत नाही.

गॅरेजवालाही वाकला नाही. त्यानं स्कॅनर लावला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "पी ०७३० आलाय."

"म्हणजे?"

"गिअर रेशो चुकतोय. म्हणजे स्लिप होतोय."

हे मीच त्याला दारातून आत शिरताना सांगितलं होतं! का होतोय, ते कोड सांगत नाही. ऑइल कमी असेल, ऑइलची वाट उघडबंद करणारा सोलेनॉइड अडकला असेल, ऑइल हवं तिकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत कचरा असेल. मी हे सगळं म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्सच बदलून टाका." मी हट्टाला पेटलो तेव्हा कुठे त्यानं खालचा पॅन उघडला. लाल असायचं ते ऑइल काळंकुट्ट, करपल्याचा वास, आणि तळाला काळा गाळ.

"आतल्या क्लच प्लेटा जळाल्यात," तो म्हणाला.

कारण ऑटोमॅटिकला क्लच असतात. पायाखाली नसतात, गिअरबॉक्सच्या पोटात ऑइलमध्ये बुडालेले असतात, आणि एक नाही, चांगले संचच्या संच असतात. म्हणजे ज्या माणसाला डिपस्टिकांतला फरक कळत नव्हता, ज्यानं माझी पेडलं मोजली, त्याचं निदान काच खाली होताक्षणी बरोबर होतं. का बरोबर होतं, ते त्यांना आजही माहीत नसणार, आणि हेच जास्त झोंबतंय.

बिलात स्कॅनिंगचा आकडा वेगळा लावलाय. काकांनी फुकट सांगितलं होतं.